डबी झोपत नाही

१

दानम्माच्या गळ्यात ती डबी आली आणि पाटोद्याच्या त्या घरातली आरडाओरड थांबली. आधी सगळे ओरडूनच बोलायचे. तिचा नवरा अण्णाराव पुढच्या दुकानातून, पाइप आणि पाणबुडी मोटारींच्या ढिगाऱ्याआडून, चहासाठी हाक मारायचे ती समोरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत जायची, पण आतल्या खोलीतल्या दानम्मापर्यंत पोचायची नाही. काही वर्षांपूर्वी एका तापात तिचे दोन्ही कान गेले होते. आता डबी होती. काडेपेटीपेक्षा जराशी मोठी, गळ्यात गोफानं अडकवायची, तिची वायर कानात. दानम्माला कुकरच्या शिट्ट्या मोजता येऊ लागल्या. भिंतीवरची पाल चुकचुकलेली ऐकू येऊ लागली. पावसाळ्यात लेकीनं, शिवकन्येनं, तिला कपिलधारला नेलं, तेव्हा पडणाऱ्या पाण्यासमोर ती डबी हातात धरून उभी राहिली आणि दर्शनाची रांग सोडून रडत बसली.

डबी आणली होती शिवकन्येनंच. पुण्यातल्या एका लहानशा कंपनीसाठी ती घरूनच, माडीवरच्या खोलीत बसून काम करायची. दुसऱ्यांनी लिहिलेला कोड ओळ न् ओळ वाचायचा, त्यातली खोट काढायची आणि खोट नसेल तर मंजुरी द्यायची. या वेळी तिच्यापुढे याच डबीचं काम आलं होतं. आत आवाजाची एक चिप होती, आणि त्या चिपला उठवणारा, कामाला लावणारा, काम संपलं की झोपवणारा जो कोड असतो, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, तो तिला तपासायचा होता. तक्रार एकच होती. आठवडाभर पुरायला हवी ती बॅटरी दोन दिवसांत उतरत होती.

"बॅटरी कावून उतरती गं एवढी?" दानम्मानं भाकरी थापता थापता विचारलं होतं.

"तुझ्या डबीत एक खोली हाय असं समज," शिवकन्या म्हणाली. "आत जो जाईल त्यानं सांगायचं, मी आलो. बाहेर पडताना सांगायचं, मी गेलो. शेवटचा बाहेर पडला की खोलीतला दिवा बंद. कोणीतरी न सांगताच जातंय, म्हणून दिवा जळत राहतोय."

"आन् कुलूप म्हणत होतीस ते?"

"ते लग्नघरातल्या न्हाणीसारखं. एकावेळी एकानंच आत जायचं. आतून कडी लावायची, बाकीचे बाहेर रांगेत. आतला कडी काढायची विसरला की सगळे ताटकळले."

"मंग सोपं हाय की," दानम्मा म्हणाली.

शिवकन्येलाही तेव्हा सोपंच वाटलं होतं.

२

कोड ज्यानं कोणी लिहिला होता तो माणूस नीटनेटका होता. पहिल्या दिवशीच तिच्या ते लक्षात आलं. जिथं जिथं चिप मागितली होती, तिथं तिथं ती परत केली होती. मधेच काही बिघडलं, काम अर्धवट टाकून निघावं लागलं, तर अशा वाटांवर लोक हमखास कडी काढायची विसरतात. यानं तिथंही विसरलेलं नव्हतं. शिवकन्येनं कोड वरून खाली वाचला, मग खालून वर. तिचा स्वभावच तसा. शाळेत गणित सुटेपर्यंत ती बाकावरून उठायची नाही, आणि शिपाई तिच्याभोवतीनं वर्ग झाडून घ्यायचा.

तिनं तपासणीची डबी वायरीनं लॅपटॉपला जोडली. डबीतलं सगळं काम थांबवलं. ऐकणं बंद, ऐकवणं बंद, बटणंसुद्धा बंद. मग विचारलं, आत किती जण आहेत?

उत्तर यायला हवं होतं, कोणी नाही. उत्तर आलं, एक.

तिनं चिप घेणाऱ्या प्रत्येकाला नाव सांगायला लावलं. पुन्हा सगळं सुरू केलं, पुन्हा थांबवलं. नावं एकेक करून आली आणि एकेक करून गेली. शेवटी एक राहिलं, आणि त्याच्या नावाची जागा रिकामी होती.

यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. मेमरीत कचरा राहिला की असं होतं. तिनं सरळ नियम घातला: ज्याला नाव नाही त्याला चिप द्यायची नाही, दारातूनच परत पाठवायचं, आणि परत पाठवलं की तशी नोंद करायची. डबी पुन्हा चालू केली, चहा घेऊन आली, पडद्यापुढे बसली.

नोंद नव्हती. कोणाला परत पाठवलेलं नव्हतं. पण आत अजूनही एक जण होता.

चहा निवेपर्यंत ती तिथंच बसली. दारातून कोणी येत नव्हतं याचा अर्थ दार नीट होतं. जे आत होतं ते तिनं दार बसवायच्या आधीपासून आत होतं.

३

दुपारी लाइट गेली. गिरणी थांबली, पंखे थांबले, आणि उन्हात गाव गप्प झालं. शिवकन्या पाणी प्यायला खाली आली.

दानम्मा मधल्या खोलीत खाटेवर बसली होती, भिंतीकडे तोंड करून. कानात वायर, गळ्यात डबी. सकाळी आंघोळीला जाताना तिनं डबी बंद केली होती. बटण अजून बंदच होतं आणि हिरवा दिवा विझलेला.

"हं," दानम्मा म्हणाली. मग जरा थांबून पुन्हा, "हं."

कोणी लांबलचक काही सांगत असावं आणि आपण ऐकतोय एवढंच त्याला कळावं, तसा तो हुंकार होता.

"आई," शिवकन्येनं हाक मारली. मग मोठ्यानं मारली. दानम्माला ऐकू गेली नाही. म्हणजे डबी खरोखरच बंद होती. तिनं आईच्या खांद्यावर हात ठेवला, समोर जाऊन बसली, ओठ स्पष्ट हलवून विचारलं, "कुणाशी बोलायलीस?"

"बोलत कुठं हाय? आयकायले." दानम्मा बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाली. "कोणीतरी श्वास घेतंय. डबी बंद केली का लई साफ येतं. मी हं म्हणलं का सावकाश घेतंय. न्हाई म्हणलं का धाप लागती त्याला."

हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. पाळण्यातल्या पोराबद्दल सांगावं तसं ती सांगत होती.

शिवकन्येला बीडच्या डॉक्टरांचं बोलणं आठवलं. ऐकणं गेलं की मेंदू आपलेच आवाज तयार करतो, कोणाला शिट्टी ऐकू येते, कोणाला घंटा. मग कोणाला श्वासही ऐकू येत असेल. तरी तिनं आईच्या कानातली वायर काढून स्वतःच्या कानात घातली.

आधी काहीच नव्हतं. मग होतं. आत, बाहेर. आत, बाहेर. तिनं स्वतःचा श्वास रोखला. आवाज थांबला.

तिला हसूच आलं. आपलाच श्वास! डबी बंद दिसते, पण माईक चालू राहतोय. हीच ती खोट, हीच बॅटरी खातेय. छातीतला सगळा ताण सोडून तिनं रोखलेला श्वास सोडला, आणि त्याच वेळी तिचं हसू ओठांवर तसंच राहिलं. कानातला श्वास सुटला होता. पण तिच्याबरोबर नाही. तिच्या किंचित आधी.

तिनं वायर काढली. "ही डबी मला लागती," तिनं हातानं खूण केली.

"घे की," दानम्मा म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

४

"तो सर्किटचा आवाज असेल," त्रिंबक म्हणाला. तो पुण्यात बसायचा, तिचा वरिष्ठ. माणूस वाईट नव्हता, पण त्याला घाई होती. बीडला म्हाताऱ्या माणसांचं शिबिर ठरलं होतं, तिथं या डब्या वाटायच्या होत्या, आणि खोकी भरून तयार होती. "कोड स्वच्छ आहे असं तूच म्हणतेस ना?"

"कोड स्वच्छ आहे सर. पण डबी झोपत नाही."

"मग मंजुरी द्यायला हरकत काय आहे?"

"डबी झोपत नाही ही."

त्यानं सुस्कारा सोडला. "उद्यापर्यंत बघ. उद्या मला उत्तर पाहिजे."

तिलाही उत्तर हवंच होतं. आईची डबी जोडून तिनं एक लहानसा प्रोग्राम लिहिला. त्याचं काम एवढंच की कुलूप घ्यायचं आणि ती सांगेपर्यंत सोडायचं नाही. कडी लावून न्हाणीत बसून राहायचं आणि बाहेर कोण ताटकळतंय ते बघायचं. बाकी सगळं बंद होतं, म्हणजे रांगेत यायला कोणी उरलंच नव्हतं.

तिनं कुलूप घेतलं. रांग रिकामी होती. लाइट आली होती, वर पंखा फिरत होता, गिरणीचा पट्टा धडधडत होता. ती बघत राहिली. बऱ्याच वेळानं रांगेत एक जण आला. नावाची जागा रिकामी.

तिनं कुलूप सोडलं. त्यानं तत्काळ घेतलं.

खालून दानम्माचा आवाज आला, "हं."

योगायोग, शिवकन्येनं स्वतःला बजावलं. डबी इथं आपल्या टेबलावर आहे, आई खाली बिनडबीची बसली आहे, तिला मघाचीच सवय लागली असेल. तिनं पुन्हा कुलूप घेतलं. या वेळी तो लवकर आला. सोडलं. "हं," खालून. तिसऱ्यांदा घेतलं तर तो लगेचच मागं येऊन उभा राहिला. सोडलं. "हं."

तिनं हात मांडीवर घेतले. आता घाई करायची नाही, नीट बघायचं. पुन्हा कुलूप घ्यायला तिनं बोट कीबोर्डच्या कळीवर ठेवलं, अजून दाबलं नव्हतं, आणि पडद्यावर रांग दिसली. तो आधीच उभा होता.

असं होत नाही. कुलूप मोकळं असेल तर रांग लागत नाही, येणारा सरळ आत जातो. कुलूप मोकळं होतं, दार उघडं होतं, आणि तो आत जात नव्हता. तो तिनं आधी घ्यायची वाट बघत होता.

शिवकन्येनं बोट कळीवरून काढलं.

५

सकाळी ती डबी घेऊन निघाली तेव्हा तिला वाटलं, आई अडवेल. कान मिळाल्यापासून कालपर्यंत दानम्मानं डबी घटकाभरही सोडली नव्हती. पण ती खाटेवरून उठलीसुद्धा नाही.

"न्हाई आणली तरी चालंल," ती म्हणाली. "आता लागत न्हाई."

बसस्टँडजवळ सत्तारभाईंचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. शिवकन्येनं डबी काउंटरवर ठेवली. "भाई, यातला माईक काढा. तुटला तरी चालेल, परत बसवायचा नाही."

"मंग ऐकणार कशानं ताई?"

"तेच बघायचंय."

तिनं ठरवलं होतं की आता वादच ठेवायचा नाही. माईक चालू राहतो की कोड त्याला जागा ठेवतो, हे बोलणंच नको. माईक नसेल तर ऐकण्यासारखं काही उरणार नाही. तरी काही ऐकू आलं तर ते सर्किटचं, आणि मग त्रिंबकसर बरोबर, आपण चूक. तसं झालं असतं तर तिला आनंदच झाला असता.

सत्तारभाईंनी डबी उघडली, गरम हवेची नळी फिरवली आणि चिमट्यानं ज्वारीच्या दाण्याएवढा माईक उचलून पांढऱ्या कागदावर ठेवला. डबी बंद केली, चालू केली, आणि खात्रीसाठी वायर आपल्या कानात घातली.

त्यांनी मागं वळून बघितलं.

मागं भिंत होती. भिंतीवर मोबाइलची कव्हरं टांगलेली, त्यांच्याखाली स्टूलही नव्हतं.

"कोण हाय मागं?" त्यांनी शिवकन्येला विचारलं. मग कागदावरच्या माईककडे बघितलं, त्याला बोट लावून बघितलं. "ह्यो तर हितं हाय."

तिनं हात पुढं केला. त्यांनी वायर कानातून काढून तिच्या तळहातावर ठेवली आणि आपलं बोट लुंगीला पुसलं.

श्वास आता स्पष्ट होता. सावकाश, खोल, समाधानाचा. बसस्टँडवरचे हॉर्न नव्हते त्यात, सत्तारभाईंचा रेडिओ नव्हता. एका बंद खोलीतली शांतता होती आणि त्या शांततेत तो श्वास. मग त्यात दुसरा आवाज आला, अगदी जवळून, कानाशी.

"हं."

तिच्या आईचा आवाज होता तो. आई घरी होती, गावाच्या दुसऱ्या टोकाला, कानात काहीही नसताना.

शिवकन्येनं डबी पिशवीत कोंबली. "ताई," सत्तारभाई मागून म्हणाले, "राग नका मानू. पन ही चीज हितं परत आणू नका."

६

दुकानात अण्णाराव गिऱ्हाइकाला मोटारीचा पंप दाखवत होते. लाइट पुन्हा गेली होती. शिवकन्या त्यांच्या बाजूनं आत शिरली आणि मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर थांबली.

दानम्मा खाटेवर बसली होती. कानात वायर नाही, गळ्यात गोफ नाही. मान डाव्या खांद्याकडे कललेली. कोणी कानाशी तोंड नेऊन हळू बोलायला लागलं की आपण कलतो, तशी. डोळे अर्धवट मिटलेले. डाव्या कानाजवळ पांढऱ्या केसांची एक बट सुटून आली होती.

ती बट हलत होती. बाहेरच्या बाजूला जायची, क्षणभर तिथं थांबायची, आणि परत कानाकडे ओढली जायची. बाहेर. आत. बाहेर. आत.

उन्हासाठी खिडकी लावून घेतलेली होती. पंखा थांबलेला होता. कपाटावरच्या वर्तमानपत्राचा कोपरासुद्धा हलत नव्हता. आईचा स्वतःचा श्वास तिथवर पोचत नाही, हेही शिवकन्येनं बघितलं, कारण आईची छाती वर जायची तेव्हा बट बाहेर जात होती. दोन्हीचा मेळ नव्हता. तिच्या डोक्यात आणखी एखादं कारण शोधायची धडपड चालली होती, आणि मग ती धडपड थांबली. आतून एकदम कोरडं, स्वच्छ वाटायला लागलं. आता काय करायचं एवढंच उरलं होतं.

ती ओरडली नाही. माडीवर जाऊन लॅपटॉप घेऊन आली, उंबऱ्यावरच मांडी घालून बसली, डबी जोडली. बटेवरची नजर न काढता तिनं कळ दाबली आणि कुलूप घेतलं.

पडद्यावर रांगेत एक जण आला.

तिनं मान वर केली. बट आईच्या गालावर पडली होती, निश्चल.

दानम्मानं डोळे उघडले. गर्दीत कोणी धरलेला हात सुटावा तसा तिचा चेहरा झाला. "कुठं गेलं?" तिनं खोलीभर बघितलं. मग तिची नजर शिवकन्येच्या मांडीवरच्या डबीवर येऊन थांबली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर भीती उमटली. तिनं पदर तोंडाशी धरला.

"तुझ्यापशी आलंय," ती म्हणाली. नेहमीसारखं मोठ्यानं नाही, कुजबुजत. "श्वास रोखून हुबं हाय. त्याला घरात मोकळं करू नको, शिवा."

रांगेत उभं आहे म्हणजे इथं उभं आहे. आईपाशी नाही, इथं. आणि जोवर कुलूप आपल्या हातात आहे तोवर ते इथून हलणार नाही. पण कुलूप धरून ठेवलेली डबी झोपत नाही, आणि न झोपणाऱ्या डबीची बॅटरी उतरते. बॅटरी उतरली की कुलूप आपोआप सुटेल. लॅपटॉपही निम्म्यावर आला होता आणि लाइट कधी येईल याचा भरवसा नव्हता.

तिनं आधी एक काम उरकलं. तिथंच बसून त्रिंबकला लिहिलं: डबी झोपत नाही. घेणारा कोण ते माहीत नाही. मंजुरी नाही. तुमच्या टेबलावरच्या डबीत सगळं बंद करून आत किती राहतात ते बघा, पण कानात घालू नका. मग वायर न काढताच लॅपटॉप आणि डबी पिशवीत ठेवून उठली.

"मी येते," दानम्मानं तिचं मनगट धरलं.

शिवकन्येनं नकारानं मान हलवली. आईची बोटं एकेक करून सोडवली, तिला खाटेवर बसवलं, कानामागं ती बट नीट सारली. "अप्पा," ती जाताना म्हणाली, "आईजवळ बसा. मी येईपर्यंत दुकान लावून घ्या."

तिच्या तोंडाकडे बघून अण्णारावांनी काही विचारलं नाही. त्यांनी शटर ओढलं.

७

पाटोद्याच्या वर पवनचक्क्यांचा माळ आहे. उन्हाळ्यात तिथं गुरंही नसतात, नुसतं वाळलेलं गवत आणि वारा. शिवकन्येनं स्कूटी रस्त्यापासून आत, जिथवर जाईल तिथवर नेली आणि मग पिशवी उचलून पायी चालली. कोणाचं शेत नाही, झोपडी नाही, वाट नाही, अशी जागा तिला हवी होती. एका खडकावर तिनं लॅपटॉप उघडला. बॅटरीचा आकडा लाल झाला होता. रांगेत तो उभाच होता.

"इथं राहा," ती म्हणाली. मोठ्यानं बोलल्याचं तिला नंतर कळलं.

तिनं कुलूप सोडलं.

रांग रिकामी झाली. तिनं विचारलं, आत किती जण आहेत? इतक्या दिवसांत जे उत्तर कधी आलं नव्हतं ते आलं. कोणी नाही. डबीतला बारीक दिवा विझला. चिप झोपली होती. कोडमध्ये लिहिलं होतं तशी, सरळ, निमूट.

तिनं मन घट्ट करून वायर कानात घातली. काही नव्हतं. दगड कानाला लावल्यासारखं होतं. वर पवनचक्कीचं पातं सावकाश फिरत होतं, त्याची सावली तिच्यावरून जात होती, येत होती. तिनं डबी खडकावर ठेवली, दोन्ही हातांनी एक धोंडा उचलला आणि हाणला. चिपचा चुरा होईपर्यंत ती हाणत राहिली. मग तो चुरा खडकाच्या भेगेत लोटला आणि वर धोंडा बसवला. खाली बसून थोडी रडली. आईचे कान तिनं आपल्याच हातांनी फोडले होते.

स्कूटीपाशी येईतो फोन वाजला. त्रिंबक होता.

"बघितलं मी," तो म्हणाला. घाई नव्हती त्याच्या आवाजात. "तू म्हणतेस तो इथंही आहे. खोकी उतरवून घेतली. एकही डबी जाणार नाही."

"कानात घातली नाहीत ना सर?"

पलीकडे जरा वेळ गेला. "नाही," तो म्हणाला.

तिनं तोंडाला स्कार्फ गुंडाळला आणि गाडी काढली. माळ संपेपर्यंत वारा उजव्या अंगानं जोरात येत होता. गवत सगळं डावीकडे झोपलेलं. उतार लागला, एक वळण गेलं, आणि तिला डाव्या कानाला गरम लागायला लागलं.

ऊन असेल, तिनं म्हटलं. पण ऊन उजवीकडे होतं.

पुढं फाटा होता. एक रस्ता खाली पाटोद्याला, एक बीडकडे. फाट्यावर तिनं गाडी उभी केली, इंजिन बंद केलं, स्कार्फ सोडला, आणि आरशात बघितलं. आरशात तिचा चेहरा होता, मागं रिकामा रस्ता होता. रस्त्याकडेचं गवत वाऱ्यानं एका बाजूला लवलेलं. तिच्या डाव्या कानाजवळची बट त्या वाऱ्याच्या विरुद्ध, सावकाश पुढं येत होती आणि मागं जात होती.

ती आरशात बघत राहिली. मग तिनं फोन काढला.

"अप्पा, आईजवळ आहात?"

"हाय की. कुठं हायस तू?"

"तिच्या कानाजवळचे केस बघा. हलतायत का?"

"काय?"

"बघा अप्पा. नीट, जवळ जाऊन बघा."

खाट करकरली. अण्णारावांचा जड श्वास फोनवर आला, गेला. "न्हाई हालत. कावून?"

"काही पुटपुटतीय का ती? हं वगैरे?"

"अगं झोपली ती. गाढ झोपली. लई दिवसानं अशी झोपली बघ. काय झालंय सांगशील का?"

शिवकन्येनं डोळे मिटले. गालावरून पाणी आलं ते तिनं स्कार्फनं पुसलं. डाव्या बाजूला ते गरम काहीतरी हललं नाही.

"काही नाही अप्पा. मी आज घरी येत नाही. बीडला जाते, तिकडंच राहते थोडे दिवस. आईला सांगा, काम आहे म्हणून."

"आत्ता? आन् कपडे-बिपडे?"

"घेईन तिकडं."

ते आणखी काही विचारत होते. तिनं फोन ठेवला. स्कार्फ पुन्हा बांधला, या वेळी डावा कान मोकळा ठेवून, म्हणजे ते तिथंच आहे, आईकडं परतलेलं नाही, हे तिला सारखं कळत राहील. मग गाडी चालू केली, बीडच्या रस्त्याला लावली, आणि पाटोद्याचा फाटा मागं पडेपर्यंत एकदाही आरशात बघितलं नाही.